मागच्याचा मान

पियूष दारातल्या पायरीवर बसून बुटाची लेस बांधत होता. बांधता बांधताच, मान वर न करता, तो म्हणाला, “आई, पुढच्या सीझनले काही आमचं येणं जमेल असं वाटत नाई. दर रविवारी तोच तो जिंकून राहिला. पाहाचं काय त्याच्यात? घरीच हायलाइट्स पाहून घेऊ.”

एवढंच. ना भांडण, ना रुसवाफुगवा. थंडी वाढली म्हणावं तसा पोरगा आपला सहज बोलून गेला. त्याच्यामागे उभ्या असलेल्या दीप्तीनं, त्याच्या बायकोनं, त्याच्या पाठीत हलकेच बोट टोचलं. ते भागीरथाबाईंनी पाहिलं, आणि बोट टोचलं त्याअर्थी दोघांचं हे बोलणं घरून निघतानाच झालेलं आहे, हेही त्यांना कळलं. त्यांच्या हातात दोघांसाठी भरलेला सांबारवडीचा डबा होता. तो त्यांनी पुढे केला, “गरम आहे, झाकण जरासं उघडं ठेव,” म्हणाल्या, फाटकापर्यंत गेल्या, गाडी नंदनवनच्या चौकातून धरमपेठेकडे वळेपर्यंत हात हलवत राहिल्या, आणि घरात येऊन टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसल्या. टीव्हीवर मोटारींची रेस जिंकलेला तो पोरगा अजून शॅम्पेन उडवत होता. वर्षभर दर रविवारी हेच करून याचा हात कसा दुखत नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांचा लाडका होता तो. पण आज पहिल्यांदाच त्यांना त्याचा राग आला.

हायलाइट्स म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. दोन तासांची रेस दहा मिनिटांत. गाड्या सुटतात, एखादी आपटते, एक जिंकते, झालं. पण मधलं? मध्येच तो जो लांबच लांब वेळ असतो, ज्यात काहीच घडत नाही, गाड्या नुसत्या एकामागे एक गरगर फिरत राहतात, आणि पाहण्यासारखं काही नाही म्हणून माणसं एकमेकांशी बोलायला लागतात, तो वेळ हायलाइट्सवाले कुठं दाखवतात? त्याच वेळात तर दीप्ती आपल्या शाळेतल्या बाईंची नक्कल करायची. त्याच वेळात पियूष बापाच्या गुडघ्याची चौकशी करायचा, जी फोनवर त्याला कधी सुचली नव्हती. एकदा तर गाड्यांची शर्यत कुठल्याशा समुद्राकाठी चाललेली असताना दीप्तीनं सांगितलं होतं की तिला लहानपणी माठात डोकं घालून गायची सवय होती, आणि मग सगळ्यांनी आळीपाळीनं स्वयंपाकघरातल्या माठात तोंड घालून गाऊन पाहिलं होतं. त्या दिवशी कोण जिंकलं, कोणाला आठवत नाही. म्हणजे निळ्याच जिंकला असणार.

निळ्या हे नाव त्यांनीच ठेवलेलं. गाड्यांची आणि त्या चालवणाऱ्या पोरांची खरी नावं जीभ वळायला अवघड, म्हणून भागीरथाबाईंनी रंग पाहून बारसं उरकलं होतं. निळ्या, केशऱ्या, पांढऱ्या, लाल्या, आणि सगळ्यात मागं रखडणारा एक हिरव्या. पारशिवनीकडच्या शेतकऱ्याची लेक; धावणाऱ्या वस्तूला नाव नसलं तर तिला चैन पडत नाही. हे सारं घरात आणलं भूमिकानं, त्यांच्या धाकट्या लेकीनं. ती कुठल्याशा कंपनीचं काम घरूनच करायची, आणि रविवारी संध्याकाळी टीव्ही लावून बसायची. आधी आधी तो आवाज ऐकून भागीरथाबाईंना वाटायचं, कोणीतरी मिक्सरमध्ये खडे टाकले आहेत. मग एक दिवस त्या पदराला हात पुसत पुसत उभ्या राहिल्या, मग टेकल्या, मग म्हणाल्या, “तो निळा पाह्य कसा आतून घुसला!” आणि फसल्या त्या फसल्याच. महिन्याभरात पियूष आणि दीप्ती येऊ लागले, आणि पाच माणसांचा एक खेळ तयार झाला. रेस सुटण्याआधी प्रत्येकानं एकेक गाडी निवडायची. एकानं घेतलेली दुसऱ्यानं घ्यायची नाही. पाचांत ज्याची गाडी पुढं, तो जिंकला. आणि बक्षीस असं की पुढच्या रविवारी काय खायचं ते जिंकणाऱ्यानं ठरवायचं.

भागीरथाबाई जिंकायच्या. एखाददुसरा रविवार सोडला तर वर्षभर जिंकल्या. आणि वर्षभर त्यांनी सांबारवडी ठरवली, कारण सांबारवडी म्हणजे हिरव्यागार कोथिंबिरीचं सारण पोटात भरून तळलेलं सुख, आणि ते कोणाला नकोसं होऊ शकतं, ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. शेजारणींना त्या सांगायच्या, “मले रेसमधलं समजते आता.” शेजारणी कौतुकानं माना हलवायच्या. असं सगळं छान चाललेलं असताना पोरगा दारात बसून म्हणतो, हायलाइट्स.

शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान श्रीधरराव बसले होते. हा माणूस चाळीस वर्षांत जेवढं बोलला तेवढं दीप्ती एका रविवारी बोलते. खेळात ते कायम हिरव्या घेत, सगळ्यात मागचा. “त्या बिचाऱ्याचंही कोणी पाहिजे,” एवढंच म्हणत, आणि दर वेळी शेवटून पहिले येत.

“ऐकलं ना हो, पियूष काय म्हणाला ते?” भागीरथाबाईंनी विचारलं.

“हव.”

“मंग?”

“मंग काय? खरंच आहे त्याचं,” श्रीधरराव म्हणाले, आणि टीव्ही बंद करून त्यांनी दिवाही मालवला.

अंधारात भागीरथाबाईंना घराचा आवाज ऐकू आला. म्हणजे काही ऐकूच आलं नाही. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता आणि त्याला त्या भीत होत्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोनच्या ऑफिसात काढली होती. कानाला हेडफोन, पुढ्यात भोकांचा मोठा बोर्ड, हातात दोऱ्या. ही दोरी त्या भोकात, ती या भोकात, “बोला अकोला, लाइन जोडली आहे.” सगळं गाव कानाशी नांदत असायचं. कोणाला मुलगी झाली, कोणाचा माल अडकला, कोणी नुसतंच “हॅलो, हॅलो, मी बोलून राहिलो” म्हणत तीन मिनिटं संपवायचं. मग यंत्रं आली, ज्याचा तो नंबर फिरवू लागला, बोर्ड एका सकाळी कापडाखाली झाकला गेला, आणि त्यांना दुसऱ्या टेबलावर बसवलं. त्या टेबलाची त्यांना आजही आठवण नको वाटते. पगार तोच, पंखा तोच, खिडकीतून दिसणारं कडुलिंबाचं झाडही तेच. पण कान रिकामे. पुढं पियूष लग्न करून धरमपेठेत राहायला गेला तेव्हा पुन्हा तसंच झालं होतं, आणि मग हे रविवार आले होते. म्हणून भागीरथाबाईंना रेस जगज्जेता कोण ठरतो यासाठी नको होती, ते कोणीही ठरो बापडं. त्यांना ती पुढच्या वर्षी चुरशीची व्हायला हवी होती, कारण चुरस असेल तर पोरगा येईल. एवढा सरळ हिशेब होता. आता त्या चुरशीचं बघायचं कसं, हाच काय तो प्रश्न, आणि गाड्या बनवणारे सगळे सातासमुद्रापार. पूर्वीचे दिवस असते तर त्यांनी सरळ ट्रंक कॉल लावला असता. बोला साहेब, नंदनवनातून बोलून राहिली. तुमच्या त्या निळ्याले जरा आवरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर उन्हात बसून मायलेकी संत्री सोलत होत्या. भूमिकाची जेवणाची सुट्टी होती. भागीरथाबाईंनी अगदी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, “काय वं, पुढच्या वर्षीसाठी ते लोक काही करून राहिले का नाई?”

“कोण लोक?”

“रेसवाले.”

भूमिकानं आईकडे पाहिलं. भावाचं दारातलं बोलणं तिनंही ऐकलं होतं. पण ती गुणी पोरगी, तिनं तसं दाखवलं नाही. “बरंच करून राहिले. गाड्या लहान अन् हलक्या होणार, इंजिनं बदलणार. सगळ्यांची पाटी कोरी.”

“म्हणजे निळ्या मागं पडन?”

“पडन का नाई, कोण सांगते? नियम बदलले का कोणीतरी एकजण आधीच अक्कल लढवून बसला राहते. मंग वर्षभर तोच पळते. तसं खर्चाले लगाम आहे आता, का श्रीमंतानंच सगळं नेऊ नाई. अन् जो मागं राहिला त्याले नवीन गाडी हवेच्या झोतात पारखून पाहाले जास्त वेळ भेटते. पहिल्याले कमी.”

भागीरथाबाईंच्या हातातली फोड हातातच राहिली. “मागच्याले जास्त?”

“हव. म्हणजे तो जवळ आला पाहिजे. नाही तर पाहाले कोण येईन?”

“शहाणे आहेत बाप्पा,” भागीरथाबाई म्हणाल्या. परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या टेबलाभोवती बसलेल्या कोटवाल्या माणसांबद्दल त्यांना एकदम माया वाटली. त्यांनाही रविवारी माणसं यावीत असं वाटतं तर. मग त्यांना एक गोष्ट सुचली, आणि ती इतक्या उशिरा सुचावी याचं त्यांना पुढं कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. “पण काय वं, तो निळ्या एवढा पळते, तर तू काहून नाई घेत त्याले कधी?”

“मी?” भूमिका हसली. “घेऊ कशी? आपलं ‘आधी आई’ राहते ना. पहिला मान तुझा. तू निळ्या घेतला का आमची रेस तिथंच संपली.”

“अन् मी समजून राहिली होती…”

“काय?”

“काही नाई. संत्रं खा.”

ऊन छान होतं, संत्र्याचा वास बोटांना लागला होता, आणि भागीरथाबाईंना कानापर्यंत लाज वाटत होती. रेसमधलं समजते म्हणे! समजायचं काय होतं त्यात? दर रविवारी चौघं जण गाड्यांकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघायचे, “आधी आई” म्हणायचे, जसं पंगतीत आधी मोठ्यांच्या पानावर वाढतात, आणि त्या मोठ्या विचारात पडल्यासारखं करून निळ्या उचलायच्या. देवाला दाखवायचा नैवेद्य देवानं दर वेळी खरंच खाऊन टाकावा, तसं चाललं होतं हे. टेलिफोनच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, की दोन माणसं जोडून दिली की आपण लाइनमधून बाहेर व्हायचं. हे त्यांनी ऑफिसात जमेल तेवढं पाळलं, आणि स्वतःच्या घरात मात्र लाइन जोडून मध्येच ठाण मांडून बसल्या. निळ्याला नावं ठेवण्यात काय अर्थ? घरातला निळ्या कोण होता ते आता दिसत होतं. आणि मग, लाजेच्या पाठोपाठ, त्यांना हसू फुटलं. खुदकन फुटलं ते थांबेना. भूमिकानं “काय झालं वं?” म्हणून विचारलं तर त्यांना सांगताही येईना, कारण त्यांना त्या क्षणी समोर दिसत होती ती भूमिका नव्हतीच. त्यांना आपले वडील दिसत होते, छकड्यावर उभे.

गोपाळराव त्यांचं नाव. संक्रांत उलटली की गावाबाहेरच्या पडीक वावरात शंकरपट भरायचा, बैलजोड्यांची शर्यत. गोपाळरावांची हरण्या आणि लक्ष्याची जोडी लागोपाठ तीन वर्षं पहिली आली. पहिल्या वर्षी गावानं त्यांची मिरवणूक काढली. दुसऱ्या वर्षी गुलाल उधळला. तिसऱ्या वर्षी लोक शर्यत संपायच्या आधीच उठून आपापल्या घराकडं निघाले. आणि चौथ्या वर्षी पट भरायची वेळ आली तरी बाहेरगावच्या जोड्या येईनात, पाळणेवाला आला नाही, रेवड्यांचं दुकानही लागलं नाही. सात-आठ वर्षांची भागीरथा रेवडीसाठी रडून रडून दमली. तेव्हा आई भाकरी थापता थापता म्हणाली होती, “तुमच्या बैलायनं जत्रा खाल्ली.”

दोन दिवसांनी गोपाळरावांनी लक्ष्याला आंघोळ घातली, शिंगांना तेल लावलं, आणि दोर धरून त्याला पलीकडच्या गावी सुखदेवजींच्या गोठ्यात नेऊन बांधलं. सुखदेवजी म्हणजे दर वर्षी दुसरा येणारा माणूस. येताना ते सुखदेवजींचा एक बैल घेऊन आले. एक तुझा, एक माझा, दोघांच्याही जोड्या नव्या. सगळं गाव म्हणालं, गोपाळरावाचं डोकं फिरलं. भागीरथा लक्ष्याच्या रिकाम्या दावणीजवळ बसून होती. आणि पुढच्या संक्रांतीनंतर पटाला जी माणसं लोटली! पाळणे आले, भजी आली, रेवड्यांची दोन दोन दुकानं आली. शेवटच्या फेरीला गोपाळरावांची नवी जोडी आणि सुखदेवजींची नवी जोडी शिंगाला शिंग लावून आल्या, धुळीत काही दिसेना, लोक झाडावरून ओरडत होते, आणि लक्ष्यानं, त्यांच्याच गोठ्यात वाढलेल्या लक्ष्यानं, नाकभर पुढं काढलं. भागीरथेनं भोकाड पसरलं. तर धुळीतून तिचा बाप छकड्यावर उभाच्या उभा, फेटा सुटून गळ्यात आलेला, दोन्ही हात वर, आणि सगळ्या वावराला ऐकू जाईल असा ओरडत होता, “हरलो गा, हरलो!” एवढा आनंद तिनं त्यांच्या तोंडावर तिन्ही वर्षं जिंकताना पाहिला नव्हता. तिला वाटलं, गावाचंच खरं, बापाचं डोकंच फिरलं. साठ वर्षं तिला तसंच वाटत आलं होतं. गच्चीवर, संत्र्याच्या सालींच्या ढिगाशेजारी, तिला पहिल्यांदा कळलं की तो माणूस हरला म्हणून खूश नव्हता. त्याच्याभोवती माणसं होती.

पुढचे तीन महिने भागीरथाबाईंनी जिभेवर ताबा ठेवला, जे त्यांच्यासारखीला सोपं नव्हतं. मार्चात, नव्या मोसमाच्या पहिल्या रेसच्या आदल्या दिवशी, त्यांनी पियूषला फोन लावला आणि आपला जुना, ऑफिसातला आवाज काढला. “धरमपेठ? नंदनवनचा अर्जंट कॉल आहे, बोला.”

“काय वं आई,” पियूष हसला.

“उद्या सकाळी रेस आहे, ऑस्ट्रेलियाची. नवीन नियम लागले.”

“माहीत आहे मले. पण आई, गाड्यायचे नियम बदलले म्हणून काही…”

“गाड्यायचे नाई. आपले.”

पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. लाइनवरचा कुठला श्वास नकाराचा आणि कुठला कुतूहलाचा, हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी ताबडतोब फोन ठेवून दिला.

आणि आले दोघं. सकाळची वेळ, ऊन अजून कोवळं, पण त्यात पुढच्या महिन्याची धमकी होतीच. पियूषनं बूट काढता काढता नाक वर केलं, हुंगलं, आणि घाबरून विचारलं, “आई, तुझी तब्येत बरी आहे ना? सांबारवडीचा वास नाई येऊन राहिला.”

“तर्री-पोहे आहेत,” भागीरथाबाई म्हणाल्या. “गुमान बस.”

टीव्हीवर नव्या, लहान गाड्या रांगेत उभ्या राहात होत्या. पोह्यांवर लालभडक तर्री ओतली गेली, सगळे आपापल्या जागी बसले, आणि सवयीप्रमाणे चौघांच्या माना भागीरथाबाईंकडे वळल्या. दीप्ती म्हणाली, “आधी आई.”

“नाई,” भागीरथाबाई म्हणाल्या. “आजपासून मान मागच्याचा. मागच्या रेसले जो सगळ्यायच्या मागं, तो आधी निवडन. जो जिंकला तो सगळ्यायच्या शेवटी. आज गेलं वर्ष धरा.”

क्षणभर कोणाला अर्थ लागला नाही. मग भूमिकानं तोंडावर हात ठेवला, कारण तिला गच्चीवरलं हसणं आठवलं असावं. आणि मग सगळ्यांच्या माना एकदम श्रीधररावांकडे वळल्या. इतक्या माणसांनी एकदम आपल्याकडे पाहण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. चष्मा पुसला. गाड्या रेसआधीची एक फेरी सावकाश मारून यायला निघाल्या, अर्ध्यावर आल्या, तरी त्यांचा विचार चाललेलाच.

“बाबा, हिरव्याच ना?” पियूष म्हणाला. “बोला लवकर.”

“निळ्या,” श्रीधरराव म्हणाले.

घरात असा काही गलका झाला की शेजारच्या गच्चीवरलं कबूतर उडालं. “बाबा! अन् त्या बिचाऱ्याचं काय?” दीप्ती ओरडली. श्रीधररावांनी बशी पुन्हा उचलली आणि अगदी शांतपणे, चाळीस वर्षांच्या संसारातलं सगळ्यात लांब वाक्य असावं असं, ते बोलले, “बिचाऱ्याचं खूप पाहिलं मी. एक दिवस जिंकून पाह्यतो. मले पाटवडीचा रस्सा खाचा आहे. सांबारवडी मले कधीच आवडत नव्हती.”

भागीरथाबाईंचा आ वासलेला राहिला. चाळीस वर्षं! त्यांना चिडावं असं वाटलं, पण चिडायला वेळच नव्हता. दीप्तीनं लाल्या घेतला, भूमिकानं पांढऱ्या, पियूषनं केशऱ्या, आणि लाल दिवे एकेक करून लागू लागले. “आई, तू?” भूमिकानं विचारलं. रांगेच्या अगदी टोकाला हिरव्या एकटाच उभा होता. आज त्याला कोणी नव्हतं.

“हिरव्या,” त्या म्हणाल्या, आणि दिवे विझले, गाड्या सुटल्या.

पुढं काय काय झालं ते नीट सांगता येणं कठीण आहे, कारण सगळेच एकाच वेळी बोलत होते. निळ्या सुटला खरा पुढं, पण नव्या इंजिनाचं आणि त्याचं अजून नीट जमलेलं दिसत नव्हतं. लाल्या त्याच्या मागं डास लागल्यासारखा लागला होता. दीप्ती आपल्या सासऱ्यांकडे बघून दर वळणाला “आली हं मी, आली,” म्हणत होती आणि श्रीधरराव, ते श्रीधरराव, “ये की, ये!” म्हणत होते. पण भागीरथाबाईंना पुढचं काही दिसत नव्हतं. त्या आणि पियूष मागं गुंतले होते. पियूषच्या केशऱ्याचं चाक फुटलं, तो दुरुस्तीला आत गेला आणि बाहेर आला तो थेट सगळ्यांच्या शेवटी, हिरव्याच्या मागं. झालं, शेवटून दुसऱ्या जागेसाठी मायलेकांची जुंपली. टीव्हीवाले ही झुंज क्वचितच दाखवत. दाखवत नसत तेव्हा दोघं कोपऱ्यातल्या आकड्यांवर डोळे लावून बसत आणि कॅमेरावाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. “आई, सोड ना रस्ता!” “सोडत नाई, जाय!” पियूष सोफ्यावरून घसरत घसरत जमिनीवर आला होता, अगदी त्यांच्या पायाशी, लहानपणी अभ्यासाला बसायचा तसा, आणि त्याचा खांदा त्यांच्या गुडघ्याला टेकला होता. गाड्या फिरत होत्या. काहीच विशेष घडत नव्हतं. मध्येच तो म्हणाला, “तुझ्या पोह्यायले तोड नाई गा,” आणि आईला बाप्यासारखं ‘गा’ म्हटलं म्हणून दीप्तीनं त्याला उशी फेकून मारली. भागीरथाबाईंना वाटलं, ही फेरी संपूच नये.

शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर कॅमेरावाल्याला कुठून दया आली कोण जाणे. त्यानं मागचे दाखवले. हिरव्या आतल्या बाजूला, केशऱ्या बाहेरून, चाकाला चाक, आणि केशऱ्यानं नाकभर पुढं काढलं.

भागीरथाबाई उभ्या राहिल्या. पदर कुठं, चष्मा कुठं. दोन्ही हात वर करून, सगळ्या नंदनवनाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, “हरली वं मी, हरली!”

सगळे त्यांच्याकडे पाहात राहिले. वर्षभर जिंकताना कोणी त्यांना असं पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या, आणि हे एका हिरव्या गाडीसाठी नाही एवढं पियूषला कळलं असावं, कारण तो उठला आणि त्यानं आईला उचलल्यासारखं करून मिठीच मारली. तिकडं लाल्या जिंकला होता. हे लक्षात यायलाच घराला जरा वेळ लागला, तोवर दीप्ती बिचारी एकटीच नाचत होती.

“बोल, पुढच्या रविवारी काय?” भूमिकानं तिला विचारलं.

दीप्तीनं सगळ्यांकडे बघितलं. श्रीधरराव आशेनं पुढं सरकले होते. “सांबारवडी,” ती म्हणाली.

भागीरथाबाईंनी तिच्या तोंडाकडे रोखून पाहिलं. “मान देऊन राहिली का मले? तसं नको हं आता.”

“मान-बिन नाई आई. मले आवडते. डबा घरी नेला का मीच खाते सगळा, यायले एक देत नाई.”

श्रीधररावांनी एक सुस्कारा सोडला आणि उरलेले पोहे आपल्या बशीत ओढले.

दुपार होत आली तसा पियूष दारातल्या पायरीवर बसून बूट घालू लागला. भागीरथाबाई हातात रिकामा डबा घेऊन त्याच्यामागे उभ्या होत्या. आज भरायला काही उरलंच नव्हतं. त्याची मान खाली, बोटं लेसमध्ये. तिथंच, तशीच, तीन महिन्यांपूर्वीसारखी.

“आई,” तो म्हणाला, “म्हणजे पुढच्या रेसले पहिला मान तुझाच झाला की.”

त्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. “हव की वं,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

पियूषनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. “मंग कोणाले घेशील? निळ्याले?”

“सांगत नाई,” भागीरथाबाई म्हणाल्या. “येऊन पाह्य.”